डाव्या गालावरचा उजेड

नवनाथ पगारेच्या घरावरची खोली नवीकोरी होती, हे आधी सांगितलेलं बरं. जेल रोडच्या मागच्या बाजूला, कालव्याच्या रस्त्यालगतच्या कॉलनीत त्याचं बैठं घर आणि त्यावर गेल्या वर्षी हौसेनं चढवलेली ही एक खोली. तिथं कुणी मेलेलं नव्हतं, कुणी जन्मलेलं नव्हतं, कुणी एक रात्र झोपलंसुद्धा नव्हतं. गिलावा झाला होता आणि रंग राहिला होता, त्यामुळे आतल्या भिंती सिमेंटच्या राखाडी. उत्तरेला एक मोठी खिडकी आणि समोरच्या भिंतीत दार. खोलीविषयी सांगण्यासारखं याहून जास्त काही नव्हतं.

खिडकी उत्तरेला काढली होती ती मुद्दाम. गवंडी म्हणाला होता, पूर्वेला काढू, सकाळचं ऊन येईल. नवनाथला ऊन नकोच होतं. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही. येतो तो नुसता उजेड, वस्त्रगाळ केल्यासारखा. तो माणसाच्या चेहऱ्यावर पडत नाही, टेकतो. नवनाथ आठवडाभर एका सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवायचा आणि रविवारी सकाळी त्या खिडकीशी कुणाला तरी बसवून त्याचा फोटो काढायचा. फ्लॅश त्याला चालत नसे. फ्लॅश मारणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारणं, असं तो म्हणायचा. फोटो काढल्यावर कॉम्प्युटरवर त्याची रंगसफेदी करणंही त्याला मान्य नव्हतं. जे दिसलं ते, आणि जसं दिसलं तसं.

त्याची पद्धत ठरलेली होती. स्टुलावर माणूस, त्याच्या उजव्या हाताला खिडकी. उजवा गाल उजळतो आणि डावा काळोखात जातो. तो काळोख उचलायला डाव्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता. खिडकीचा उजेड तक्त्यावर आपटून परत फिरतो आणि डाव्या गालावर अलगद बसतो. मोठ्या फोटोग्राफरांकडे असा तक्ता धरायला माणूस असतो. चांगला धरणारा चेहऱ्याकडे बघत बघत तक्ता कलता करतो, जवळ आणतो, मागे नेतो. नवनाथकडे असा कुणी नव्हता. तो तक्ता प्लास्टिकच्या खुर्चीला टेकवायचा, आणि वारा आला की तो पडायचा. तरी या एकटेपणाचा त्याला अभिमानच होता. ज्याच्या फोटोत दुसऱ्याचा हात नाही, असा मंडळात तो एकटाच होता.

मंडळ म्हणजे गोदाकाठ छायाचित्र मंडळ. बँकेतले, शाळेतले, दुकानातले हौशी लोक. त्यांच्यात एक रिवाज होता. आपला फोटो पडद्यावर आला की उभं राहायचं आणि 'उजेडाचा हिशेब' द्यायचा. उजेड कुठून आला, कशावरून परतला, कुणी अडवला, कुणी धरला. फोटो बरा-वाईट कसाही असो, हिशेब खरा पाहिजे. हा रिवाज अकबरभाईंनी घालून दिलेला. जुन्या नाशकात त्यांनी हयातभर लग्नांचे फोटो काढले. आता गुडघे गेले होते, पण नजर शाबूत होती.

दर जानेवारीत मंडळाचं प्रदर्शन भरायचं, आणि दारासमोरच्या भिंतीवर एकच व्यक्तिचित्र लागायचं. ती भिंत नवनाथला हवी होती, आणि त्या भिंतीवर त्याला त्याची आई हवी होती. भिमाबाईनं निफाडच्या बाजूला आयुष्यभर कांदे लावले, द्राक्षाची विरळणी केली, ऊस बांधला. त्या बागांच्या जाहिरातींत ज्या बायका दिसतात त्या पाठमोऱ्या असतात. आईचा धड असा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, आणि त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. निफाडच्या उन्हानं घडवलेला तो चेहरा नाशिकच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीवर, नजरेला नजर देऊन टांगायचा, हे नवनाथनं ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर त्यानं त्यासाठी सराव सुरू केला.

सरावाला पहिली बसली मालनबाई. कोपऱ्यावर भाजीची गाडी लावणारी. त्या रविवारी थर्माकोलचा तक्ता जागेवर नव्हता. नवनाथच्या बायकोनं, राखीनं, तो शेजारच्या मुलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी देऊन टाकला होता. नवनाथ चिडला, पण मालनबाई तर जिना चढून आलेली. डावा गाल काळोखात जाईल तर जाऊ दे, असं म्हणून त्यानं तिला बसवलं.

"दात दाखवू का झाकू?" तिनं विचारलं.

"तुमची मर्जी."

"मग झाकते. दोनच उरलेत, त्यांना कशाला उघड्यावर आणू."

नवनाथनं कॅमेऱ्याला डोळा लावला. मालनबाई स्टुलावर जरा चुळबुळली आणि मान किंचित डावीकडे कलती करून स्थिरावली.

"खिडकीकडं बघा ना," तो म्हणाला.

"या अंगाला बरं वाटतंय. ऊब हाय."

तिच्या त्या अंगाला राखाडी भिंत होती आणि अलीकडे रिकामी प्लास्टिकची खुर्ची.

खाली येऊन त्यानं फोटो कॉम्प्युटरवर लावला. मालनबाईचा डावा गाल उजळलेला होता. भडक नाही, नेमका. सुरकुत्यांच्या तळाशी थोडा काळोख राखून कडांवर उजेड ठेवलेला. इतका चांगला डावा गाल त्याच्या एकाही फोटोत नव्हता.

नवनाथ हुरळून जाणारा माणूस नव्हता. भिंतीवरून उजेड परतला असेल, असं त्याला वाटलं आणि त्यानं पडताळा घ्यायचं ठरवलं. उजेड शिकताना नवखे लोक अंड्याचे फोटो काढतात, कारण अंडं खोटं बोलत नाही. त्यानं स्टुलावर वाटी ठेवली, वाटीत अंडं ठेवलं आणि फोटो काढला. अंड्याची उजवी बाजू पांढरी आली आणि डावी काळी, जशी यायला हवी तशी. मग त्यानं अंडं उचललं आणि राखीला हाक मारली.

राखी हात पुसत आली आणि बसली. कॅमेऱ्यातून बघताना नवनाथला तिचा डावा गाल काळा दिसला. मग, तो बघत असतानाच, खालून वर उजेड चढला. हनुवटी, जबडा, गालाचं हाड. जरा जास्त झाला तसा मागे सरला. थोडा कलला. थांबला.

त्यानं कॅमेऱ्यावरून डोळा काढून डावीकडे बघितलं. खुर्ची होती. भिंत होती.

त्यानं पुन्हा डोळा लावला आणि बटण दाबलं. फोटो उत्तम आला.

मंडळाच्या बैठकीत मालनबाई पडद्यावर आली तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. नवनाथनं उभं राहून हिशेब दिला. उजेड उत्तरेच्या खिडकीचा, तक्ता नाही, दिवा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकबरभाईंनी वाजवल्या नाहीत. सगळे पांगल्यावर त्यांनी नवनाथला हातानं थांबवलं.

"डोळा मोठा कर," ते म्हणाले.

नवनाथनं पडद्यावर मालनबाईचा डोळा मोठा केला. फोटोतला डोळा म्हणजे लहानसा आरसा असतो, जे समोर असेल ते त्यात उमटतं. एका कडेला खिडकीचा उजळ चौकोन होता. मधोमध काळी आकृती, ट्रायपॉडमागचा नवनाथ. आणि दुसऱ्या कडेला एक अरुंद, तिरपी, पांढरी पट्टी.

"धरणारा कुठून आणलास?" अकबरभाईंनी विचारलं.

"कुणी नव्हतं, अकबरभाई."

"नवनाथराव, माझ्याकडं लाइट धरायला किती पोरं आली नि गेली. निम्म्यांना नवरी कोण नि करवली कोण ते कळायचं नाही. हा तुझा शिकलेला है. चेहरा बघून धरतो."

"खरंच सांगतो, मी एकटाच होतो."

"अच्छा. मग ही बोटं माझी आहेत?"

पांढऱ्या पट्टीच्या कडेवर चार बारीक, काळसर खुणा होत्या. एकमेकींशेजारी, सारख्या अंतरावर. जिन्यानं टेबल वर नेताना माणूस कडेला धरतो तशा.

"पदर असेल मालनबाईंचा," नवनाथ म्हणाला.

अकबरभाई थट्टेखोर माणूस. एरवी त्यांनी हे वाक्य महिनाभर वाजवलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. "बेटा, कुणाचा हात लागला तर हिशेबात घे," ते म्हणाले. "माझ्या धंद्यात पोरांनी सगळं माफ केलं मला. मार माफ केला, उपाशी ठेवलं ते माफ केलं. पण फोटो 'मी एकट्यानं काढला' म्हटलं की ती पोरं दुसऱ्या दिवशी येत नसत."

घरी जाताना नवनाथला राग आला होता. बोटांचा नव्हे, 'शिकलेला है' या शब्दांचा.

तरी तो फोटो काढत राहिला. कॉलनीतले लोक आपण होऊन वर येऊ लागले. रिक्षावाले, नर्सबाई, पेन्शनर. थर्माकोलचा तक्ता शेजाऱ्यांनी परत आणून दिला तो जिन्याखाली गेला आणि तिथंच राहिला. नवनाथला आता वाट बघायची सवय लागली. माणूस बसला की तो कॅमेऱ्याला डोळा लावायचा आणि डावा गाल भरून येईपर्यंत थांबायचा. कधी लगेच यायचा. कधी वेळ लागायचा, जसं काही कुणी जागा शोधत असावं. काळ्या माणसाला जवळून, गोऱ्या माणसाला लांबून. चष्मेवाल्याच्या काचेत चमक येऊ नये म्हणून जरा खालून. हे सगळं नवनाथला माहीत होतं, पण इतकं नेमकं त्याला स्वतःला जमलं नसतं. हे त्यानं कधी मनातल्या मनातही म्हटलं नाही.

बसणारे जवळपास सगळे तेच म्हणायचे. या बाजूला ऊब आहे. बरं वाटतं.

राखीनं एकदा जेवताना विषय काढला. "तुम्ही विचारलं का?"

"कुणाला?"

"जे कुणी धरतंय त्याला."

"भिंतीवरून परततो तो उजेड."

"भिंतीला बोटं असतात का?" ती भाकरी वाढत म्हणाली. फोटो तिनं बघितले होते. "मला भीती नाही वाटत, खरं सांगते. मी बसले तेव्हा उलट कुणी पांघरूण घातल्यासारखं वाटलं. पण घरी कामाला माणूस आला तर आपण त्याला चहा विचारतो, नाव विचारतो. तुम्ही बघतसुद्धा नाही तिकडं."

"तिथं कुणी नाही, राखी."

"मग वाट कुणाची बघता?"

नवनाथनं पाणी प्यायलं. "फोटो माझा आहे," तो म्हणाला.

जानेवारीत थंडी पडली. निफाडला गवतावर दव गोठल्याच्या बातम्या आल्या आणि नवनाथ आईला नाशिकला घेऊन आला. भिमाबाई आली ती पेरूंची पिशवी घेऊन. आल्या आल्या ती अंगणातल्या उन्हाला बसली आणि घरातल्या सगळ्यांना एकेक कामाला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसलं, बैठकीतल्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर हात जोडले आणि जिना चढली.

"किती वेळ बसायचं?"

"हलायचं नाही एवढंच."

"विरळणीला दिवसभर मान वर करून उभी राह्यली मी. मला नको शिकवू."

ती बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर थेट. नवनाथनं कॅमेऱ्यातून बघितलं. उजव्या गालावर खिडकीचा उजेड उतरला होता आणि तिच्या कपाळावरच्या रेघा नांगरटीसारख्या उठून दिसत होत्या. डावा गाल अजून काळा होता. तो थांबला.

भिमाबाईनं मान न हलवता, डोळे फक्त डावीकडे नेले.

"बसा ना," ती म्हणाली. "उभं कशाला?"

नवनाथचं बोट बटणावर होतं. "कुणाशी बोलतेस, आई?"

"कुणाशी नाय. असं वाटलं, कुणी उभं हाय. कवाचं."

"कुणी नाही. मी एकटाच आहे."

ती क्षणभर तिकडेच बघत होती. मग तिनं डोळे समोर आणले. "तू म्हणतो तर एकटाच," ती म्हणाली. आणि ती हसली नाही, पण चेहऱ्यात कुठंतरी हसणं येऊन बसलं. मुलावर विश्वास ठेवल्याचं हसणं. त्याच वेळी डाव्या गालावर उजेड चढला, इतका हळू, इतका जपून, की नवनाथनं श्वास रोखला.

त्यानं बटण दाबलं.

तो फोटो राखीनं खुर्ची ओढून जवळून बघितला. आईचे दोन्ही गाल दोन निराळ्या उजेडात होते आणि तरी चेहरा एक होता. डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. नवनाथनं आईचा डोळा मोठा करून बघायचं टाळलं. राखीनं बघितलं.

"आज दोन्ही हातांनी धरलंय," ती म्हणाली.

भिंत त्याला मिळाली. गंगापूर रोडच्या कलादालनात दारातून आत शिरलं की समोर भिमाबाई, माणसाच्या उंचीवर. सकाळी फ्रेम टांगताना नवनाथनं स्वतः काच पुसली होती, दोन्ही गाल नीट बघितले होते. भिमाबाई आपल्याच फोटोपुढं उभी राहिली तेव्हा लोक बाजूला झाले. तिनं पदर सारखा केला. फोटोतल्या बाईकडे तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं, सोयरीक जमवायला आलेल्या घरच्या बाईकडे बघावं तसं.

"लय ताठ हाय ही," ती म्हणाली. "बरी हाय."

कार्यक्रम सुरू झाला. पुण्याहून आलेल्या परीक्षकबाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. भिमाबाईला राखीनं त्यांच्या शेजारी बसवलं. अकबरभाई काठी टेकत नवनाथजवळ आले.

"हिशेब खरा दे," ते हळूच म्हणाले. "नाव नसलं तरी चालेल. 'कुणीतरी होतं' एवढं म्हण."

"लोक हसतील, अकबरभाई."

"हसू दे. हसून कुणाचं काय जातं."

नवनाथ फ्रेमशेजारी उभा राहिला. समोर दालन भरलेलं होतं. कचेरीतले साहेब आले होते. पुढच्या रांगेत आई बसली होती, दोन्ही हात मांडीवर, फोटोतल्यासारखीच. तिच्याकडे बघितल्यावर त्याचा आवाज आपोआप मोठा झाला.

"उजेड उत्तरेच्या खिडकीचा," तो म्हणाला. "दिवा नाही, फ्लॅश नाही, तक्ता नाही. ही माझी आई आहे. आम्हाला आयुष्यात कुणी काही धरून दिलं नाही. हा फोटो मी एकट्यानं काढला आहे. यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही."

टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. भिमाबाईनं आधी वाजवल्या नाहीत, मग सगळ्यांच्या शेवटी एकटीनंच वाजवल्या.

परीक्षकबाई उठल्या. "मला एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "असा चेहरा मिळाला की हौशी लोक सगळंच दाखवायला जातात. यांनी डावी बाजू पूर्ण काळोखात सोडली. याला हिंमत लागते."

नवनाथला वाटलं, त्या दुसऱ्या कुठल्या फोटोविषयी बोलताहेत.

त्यानं वळून बघितलं.

आईचा उजवा गाल होता तसाच होता. नाकाच्या पलीकडे, डाव्या बाजूला, कपाळापासून हनुवटीपर्यंत काही नव्हतं. काळं होतं. काचेत दालनातले दिवे चमकत होते आणि त्यांच्यामागे काळं.

लोक पुन्हा टाळ्या वाजवत होते. अकबरभाई फोटोकडे बघत नव्हते. ते पुढच्या रांगेकडे बघत होते.

पदक मिळालं, हार मिळाला, साहेबांनी हात मिळवला. नवनाथ गर्दीतून वाट काढत बाहेर आला तेव्हा राखी पायऱ्यांवर उभी होती आणि भिमाबाई खाली फरसबंदीवर, भर दुपारच्या उन्हात. आभाळ स्वच्छ होतं. थंडीच्या दिवसांतलं ते लख्ख, पांढरं ऊन होतं. तिच्या पातळावर पडलं होतं, हातांवर पडलं होतं, उजव्या गालावर पडलं होतं.

डाव्या गालावर पडलं नव्हतं.

"आतमध्ये लय गार होतं," ती म्हणाली. "म्हणलं उन्हाला उभी राहते. पण एक अंग गरमच होईना."

"इकडं वळ, आई."

ती वळली. सूर्य आता तिच्या डाव्या हाताला होता. दोन्ही कानांतल्या कुड्यांपैकी उजवी चमकत होती, सावलीतली. डावी, उन्हातली, विझलेली होती.

"अशी वळ. आता अशी."

"अरे, काय भोवरा हाय का मी?"

राखीनं पुढं होऊन सासूच्या डाव्या गालाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. तिनं नवनाथकडे बघितलं.

तेवढ्यात मालनबाई रिक्षातून उतरली. तिला उशीर झाला होता. "भिमाबाई, जय भीम. तुमचा फोटो पयल्या भिंतीला लावला म्हणे?"

"जय भीम, जय भीम. माझ्या लेकानं काढला," भिमाबाई म्हणाली. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "एकट्यानं."

नवनाथच्या डोळ्यांसमोर सावली नाकाच्या कण्यावर चढली.

"आई, नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"एकट्यानं नाही. कुणीतरी होतं. उजेड धरायला होतं कुणीतरी. तूच म्हणालीस ना, कुणी उभं आहे." त्यानं अकबरभाईंकडे बघितलं. ते दारात काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "अकबरभाई, तुम्ही सांगा. मी खोटं बोललो. होतं कुणीतरी."

"होतं," अकबरभाई म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "पण बेटा, आता ते कुणाला सांगतोस?"

नवनाथनं डावीकडे बघितलं. पहिल्यांदाच, स्वतःहून, नीट बघितलं. फरसबंदी होती. उभ्या केलेल्या दुचाक्या होत्या. "चूक झाली," तो तिकडे बघून म्हणाला. रस्त्यानं जाणाऱ्या एका कुटुंबानं त्याच्याकडे वळून बघितलं.

भिमाबाई हसली. त्याच्या गळ्यातलं पदक तिनं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"बघ गं मालन," ती म्हणाली. "असाच हाय हा पयल्यापासून. शाळेत नंबर आला तरी म्हणायचा, मास्तरांनी दिला. स्वतःचं मोठेपण घेताच येत नाय त्याला. समद्या लोकांसमोर बोलला मघाशी, म्हणून कळलं तरी. एकट्यानं केलं, बाई. कुणाचा हात नाय."

"आई."

"आता मी गप बसणार नाय. जल्मात पयल्यांदा मिरवायला मिळालंय मला."

तिनं पिशवीतून फोन काढला. कपाळावरून सावली पुढं सरकली होती, डोळ्याच्या कोपऱ्याशी येऊन थांबली होती. ज्या डोळ्यावर अजून ऊन होतं तो आनंदानं बारीक झालेला होता. नवनाथनं तिचा फोन धरलेला हात धरला. तिनं तो मायेनं बाजूला सारला, लहान मुलाचा सारावा तसा. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी फोन उचलला.

"हां, निफाडहून कोण, सुलाबाई का? मी भिमा. अगं, नवनाथला पदक भेटलं. माझा फोटो काढला त्यानं. व्हय, माझाच. नाय गं, फोटोवाला नाय, कुणी नाय. त्यानं एकट्यानं."

तिनं फोन खाली घेतला आणि आभाळाकडे तोंड केलं. ऊन तिच्या केसांवर होतं, खांद्यांवर होतं, फरसबंदीवर होतं.

"नवनाथ, ऊन गेलं का रे?"

राखीनं तोंडाला पदर लावला.

"हो, आई," नवनाथ म्हणाला. "ढग आलाय."

"येईल परत," भिमाबाई म्हणाली, आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन, चाचपत, तिनं मनमाडच्या बहिणीचा नंबर लावला.